पडद्याआडचें दुखणें

श्रोतेहो, जुन्नरच्या इतिहासांत वैद्यकासंबंधीं एक लहानशी पण मोठी बोलकी हकीकत आहे. आजच्या विषयास तिच्यापासूनच आरंभ करतों. इ. स. १६७५ चा उन्हाळा. जुन्नर तेव्हां मोगलांच्या ताब्यांत होतें आणि तेथील अधिकारी मुखलिसखान याच्या जनान्यांतील एक स्त्री आजारी होती. खानानें मुंबईच्या इंग्रजांकडे वैद्य मागितला. त्याप्रमाणें ईस्ट इंडिया कंपनीचा शस्त्रवैद्य जॉन फ्रायर हा कल्याण-मुरबाडच्या वाटेनें सह्याद्रि चढून जुन्नरास आला. त्यानें आपला प्रवासवृत्तांत पुढें १६९८ सालीं लंडन येथें छापला. त्यांत या भेटीचें वर्णन आहे. रोग्याचें तोंड पाहण्याची सोय नव्हतीच. त्याला रेशमी पडदे सोडलेल्या पलंगाजवळ नेऊन बसविलें आणि पडद्याआडून एक हात बाहेर आला. फ्रायरनें नाडी पाहून सांगितलें कीं, ही व्यक्ति तर निरोगी आहे. तें खरेंच होतें. वैद्याची पारख करण्यासाठीं प्रथम एका दासीचा हात पुढें केलेला होता. मग खऱ्या रोग्याचा हात आला. नाडी क्षीण लागली. उपचार म्हणून रक्तमोक्षण झालें, आणि कांहीं दिवसांनीं फ्रायर नाणेघाटानें कोंकणांत उतरून गेला.

या हकीकतीची गंमत वाटते. पण क्षणभर थांबून विचार केला तर मन गंभीर होतें. त्या स्त्रीचें दुखणें ओटीपोटांतील असतें, तर त्या हातावरून फ्रायरला काय कळलें असतें? कांहींहि नाहीं. आणि कळलें असतें, तरी त्या काळीं जगांतील कोणत्या वैद्याजवळ त्यावर उपाय होता? कोणाजवळहि नाहीं. गुदाशय, मोठें आंतडें, गर्भाशय आणि मूत्राशय हे अवयव मानवी देहाच्या अशा कोपऱ्यांत आहेत कीं, तेथील कर्करोगावर दोन पडदे पडलेले असतात. एक हाडामांसाचा, दुसरा लाजेचा. पहिला पडदा शस्त्रवैद्यांनीं गेल्या दोनशे वर्षांत पुष्कळसा दूर केला. दुसरा अजूनहि आपल्याच हातीं आहे. या दोन्ही पडद्यांचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

आरंभ आपल्याच वैद्यकापासून करणें योग्य होईल. रोगाचा उपचार सुरू करण्यापूर्वीं तो साध्य, याप्य कीं असाध्य, याचा निर्णय वैद्यानें करावा, असा आपल्या वैद्यांचा दंडक होता. साध्य म्हणजे बरा होणारा. याप्य म्हणजे उपचार चालूं असेपर्यंत आटोक्यांत राहणारा. असाध्य म्हणजे ज्यापुढें हात टेकावे असा. सुश्रुतसंहितेंत अर्बुदांचें, म्हणजे गांठींचें वर्णन आहे. अर्बुद काढतांना त्याचा अंश शिल्लक राहिला तर तें लवकरच पुन्हां उद्भवतें, अशी स्पष्ट सूचना तेथें दिलेली आहे. हें वाक्य आपण लक्षांत ठेवावें. कारण पुढील सर्व इतिहास या एका वाक्याभोंवतीं फिरतो. आंतड्यांत अडथळा झाला असतां नाभीखालीं डाव्या बाजूस पोट उघडून तो दूर करावा आणि आंतड्यास छिद्र पडलें असल्यास काळ्या मुंग्यांकडून त्याच्या कडा चाववून तीं जोडावीं, असेंहि सुश्रुतानें लिहिलें आहे. मुतखड्याच्या प्रकरणांत तर त्यानें शस्त्रवैद्याची मनःस्थितीच सांगितली आहे. शस्त्र न लावल्यास मरण ठरलेलें. लावल्यास जीवित संशयांत. म्हणून राजाची अनुज्ञा घेऊन मगच शस्त्र हातीं धरावें, असा त्याचा उपदेश आहे. हा संशय किती, हें मोजण्याची विद्या मात्र जगांत फार उशिरा आली.

युरोपांतहि प्रदीर्घ काळ हीच असहायता होती. गुदाशयाच्या कर्करोगानें मार्ग बंद झाला कीं रोगी तडफडून मरे. १७१० सालीं लित्र नांवाच्या फ्रेंच वैद्यानें अशी कल्पना मांडली कीं, पोटावर छेद घेऊन आंतड्याचें तोंड बाहेर आणावें व मलास दुसरी वाट करून द्यावी. ही कल्पना सहासष्ट वर्षें कागदावरच राहिली. १७७६ सालीं रूआँ शहरांत पिलोर या शस्त्रवैद्यानें गुदाशयाच्या कर्करोगानें अडलेल्या एका रोग्यावर ती प्रत्यक्षांत आणली. वाट मोकळी झाली, रोग्यास आराम वाटला. पण अठ्ठाविसाव्या दिवशीं तो मरण पावला. मरणाचें कारण शस्त्र नव्हतें. आंतडें मोकळें व्हावें म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं त्याला सुमारें दोन पौंड पारा पाजलेला होता. त्या पाऱ्यानें वरच्या आंतड्याचा नाश केला होता. पुढें १७९३ सालीं द्युरे यानें गुदद्वारावांचून जन्मलेल्या एका अर्भकावर अशीच शस्त्रक्रिया केली, आणि तें मूल पंचेचाळीस वर्षें जगलें. पोटावरच्या वाटेनें मनुष्य जगूं शकतो, हें सिद्ध झालें.

पण वाट करून देणें निराळें आणि रोग काढून टाकणें निराळें. १८२६ सालीं पॅरिसच्या लिस्फ्रां यानें गुदाशयाच्या खालच्या भागांतील कर्करोग खालून छेद घेऊन यशस्वी रीतीनें काढला. तेव्हां भूल नव्हती, जंतुनाशक द्रव्यें नव्हतीं, रक्त देण्याची सोय नव्हती. रोग्यास माणसांनीं धरून ठेवावें आणि शस्त्रवैद्यानें घाई करावी, अशी ती रीत होती. १८४६ सालीं ईथरची भूल आली. १८६७ सालीं लिस्टरनें जंतुनाशक पद्धति प्रसिद्ध केली. यानंतरच पोट निर्धास्तपणें उघडणें शक्य झालें. १८८४-८५ च्या सुमारास चेर्नी आणि क्रास्के या जर्मन शस्त्रवैद्यांनीं, एकानें पोटांतून व खालून मिळून, तर दुसऱ्यानें पाठीकडून, माकडहाडाजवळून, गुदाशयापर्यंत पोंचण्याच्या नव्या वाटा काढल्या. गुदाशय ओटीपोटाच्या हाडाळ कढईच्या तळाशीं असल्यामुळें कोणत्या बाजूनें गेल्यास तो हातीं लागेल, हाच त्या काळचा मोठा प्रश्न होता.

खरा प्रश्न मात्र दुसराच होता, आणि तो लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यानें ओळखला. त्याची थोरवी त्याच्या हस्तकौशल्यापेक्षां त्याच्या प्रामाणिकपणांत अधिक आहे. त्यानें खालून केलेल्या सत्तावन शस्त्रक्रियांचा पुढील मागोवा घेतला. त्यांपैकीं चोपन्न रोग्यांस रोग पुन्हां उद्भवला होता. दुसऱ्या एखाद्यानें हा हिशोब झाकून ठेवला असता. माइल्सनें तो छापला. इतकेंच नव्हे, तर मृत रोग्यांचीं शरीरें तपासून रोग कोठें शिल्लक राहिला तें शोधलें. त्याला असें दिसलें कीं, रोग रसवाहिन्यांच्या वाटेनें वर पोटांत, बाजूस आणि खालीं असा पसरतो. आणि वरचा पसारा खालून छेद घेणाऱ्याच्या हातीं लागतच नाहीं. म्हणून १९०८ सालीं त्यानें पोटांतून व खालून अशा दोन्ही बाजूंनीं संपूर्ण गुदाशय, त्याच्या रसग्रंथींसह, एकाच वेळीं काढण्याची पद्धति प्रसिद्ध केली. रोग्यास कायमची पोटावरची वाट स्वीकारावी लागे. आरंभीं या शस्त्रक्रियेनें शंभरांत सुमारें चाळीस रोगी दगावत. किंमत भयंकर होती. पण जे वांचत त्यांच्यांत रोग परत येण्याचें प्रमाण पुष्कळच घटलें. अंश शिल्लक राहिला तर अर्बुद पुन्हां येतें, हें सुश्रुताचें निरीक्षण माइल्सनें आपल्या हिशोबानें पटवून दिलें होतें.

आतां राहिली साध्यासाध्यतेची मोजणी. लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयांतील कथबर्ट ड्यूक्स या रोगनिदानशास्त्रज्ञानें १९३२ सालीं ती करून दिली. काढलेले गुदाशय सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून त्यानें रोग्यांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गांत रोग आंतड्याच्या भिंतींतच आहे. दुसऱ्यांत तो भिंत ओलांडून बाहेर आला आहे. तिसऱ्यांत रसग्रंथींत शिरला आहे. वर्गवारी इतकी साधी कीं कोणासहि समजावी. पण तिच्यामुळें प्रथमच सांगतां येऊं लागलें कीं, अमुक रोगी बरा होण्याचा संभव बराच आहे आणि अमुक रोग्याचा थोडा. रोग कोणत्या पायरीवर सांपडला यावर पुष्कळसें अवलंबून असतें, ही गोष्ट त्या दिवसापासून अनुभवाच्या प्रांतांतून गणिताच्या प्रांतांत आली. आजच्या वर्गवाऱ्या अधिक बारीक आहेत, पण त्यांचा पाया तोच आहे.

स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा इतिहास याच काळांत समांतर चालला होता. १८९८ सालीं व्हिएन्ना येथें वेर्टहाइम यानें गर्भाशय, त्याच्या आसपासची ऊति व रसग्रंथि पोटांतून काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं पॅरिसमध्यें क्यूरी दांपत्यास रेडियमचा शोध लागला. पुढील पिढीच्या वैद्यांस असें आढळून आलें कीं, गर्भाशयमुखाचा कर्करोग रेडियमच्या किरणांपुढें वितळतो. त्यामुळें या एका रोगांत शस्त्र आणि किरण यांची स्पर्धा आरंभापासूनच लागली. शस्त्राची परमावधि १९४८ सालीं झाली. न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर ब्रुन्श्विग यानें, किरणोपचारानंतरहि रोग उरलेल्या स्त्रियांच्या ओटीपोटांतील गर्भाशय, मूत्राशय व गुदाशय हे तिन्ही अवयव एकदम काढण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. पहिल्या बावीस रोग्यांपैकीं पांच शस्त्रक्रियेमुळें मृत्यु पावले. ही शस्त्रक्रिया आजहि निवडक रोग्यांवर होते व कांहींजणांचे प्राण वांचविते. परंतु शस्त्रानें आणखी पुढें जाण्यास जागा उरली नव्हती, हें तिनें दाखवून दिलें. देहांतून आणखी काय काढणार?

हें सर्व परदेशांत चाललें असतां आपल्याकडे काय होतें? जुन्नर-आंबेगांवच्या रोग्यास पुण्याचें ससून रुग्णालय हाच मोठा आधार होता. तें १८६७ पासून आहे. स्त्रियांची अडचण निराळी होती. पुरुष वैद्यापुढें जाण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या स्त्रिया घरोघर होत्या. याच जाणिवेंतून कल्याणांत जन्मलेल्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या, आणि १८८६ सालीं पदवी घेऊन आल्यावर पुढच्याच वर्षीं पुण्यास वारल्या. त्याच १८८६ सालीं मुंबईस स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं कामा रुग्णालय उघडलें. १८९४ सालीं वॉनलेस यांनीं मिरजेस मिशनचें रुग्णालय काढलें आणि दक्षिण महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांच्या माणसांस मोठी शस्त्रक्रिया म्हणजे काय, हें दिसलें. पण कर्करोगासाठीं स्वतंत्र घर अजून नव्हतें.

तें घर एका दुःखांतून उभें राहिलें. लेडी मेहरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढील वर्षीं त्यांचे पति सर दोराबजी टाटाहि निवर्तले. दोराबजींच्या विश्वस्त निधींतून मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय बांधण्यांत आलें व तें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं, निरनिराळ्या समाजांत कोणता कर्करोग किती आढळतो याची तुलना करून, चालीरीति व रोग यांचा संबंध शोधला. मूळचे गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनीं तेथें शस्त्रविद्येची परंपरा घालून दिली. १९६९ सालीं ते वारले आणि रुग्णालयासमोरचा रस्ता आज त्यांच्या नांवानें ओळखला जातो. परळच्या त्या रस्त्यावर, पदपथावर सतरंजी पसरून बसलेलीं घाटावरचीं माणसें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना या इतिहासाचा अर्थ निराळा सांगण्याची जरूर नाहीं. ओतूरहून माळशेज घाट उतरून कल्याणमार्गें परळास जाणारी वाट कित्येक घरांस पाठ झालेली आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शस्त्रविद्येनें एक नवें वळण घेतलें. अधिक काढण्यापेक्षां नेमकें काढावें, असें हें वळण होय. १९८२ सालीं इंग्लंडांतील बिल हील्ड यानें दाखविलें कीं, गुदाशयाभोंवतीं मेदाचें एक पाकीट असतें व रोग बहुधा त्याच्या आंतच पसरतो. तें पाकीट न फाडतां, डोळ्यांनीं पाहत, अखंड बाहेर काढलें तर रोग त्याच जागीं परतण्याचें प्रमाण फार घटतें. पूर्वीं हाताच्या बोटांनीं आंधळेपणानें सोडवण्याची चाल होती. तींत पाकीट फाटे आणि अंश शिल्लक राही. पुनः तेंच जुनें सूत्र! त्यांत किरणोपचाराची जोड मिळाली. हॉलंडमध्यें झालेल्या व २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, अशी नेमकी शस्त्रक्रिया केल्यावर दोन वर्षांत शंभरांत सुमारें आठ रोग्यांस रोग त्याच जागीं परतला. शस्त्रक्रियेपूर्वीं आठवडाभर किरण दिलेल्यांत हेंच प्रमाण अडीचाहून कमी होतें. माइल्सच्या सत्तावनांतील चोपन्न आठवा, आणि मग हे आंकडे पाहा. आंतड्यांचीं टोंकें पुन्हां जोडण्याच्या युक्त्याहि सुधारल्या. त्यामुळें पूर्वीं ज्यांस कायमची पोटावरची वाट घ्यावी लागे, त्यांतील पुष्कळांस आतां ती थोडे महिनेच लागते, किंवा मुळींच लागत नाहीं.

शस्त्रानें माघार कोठें घ्यावी, हेंहि प्रयोगांनींच ठरविलें, आणि त्यांतील एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या परळचा आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग थोडा वाढलेला असतां, आधीं औषधें देऊन मग शस्त्रक्रिया करावी, कीं किरण व औषधें एकत्र द्यावीं? टाटा रुग्णालयानें ६३३ स्त्रियांवर हा प्रश्न तपासून २०१८ सालीं उत्तर प्रसिद्ध केलें. शस्त्रक्रियेच्या गटांत पांच वर्षें रोगमुक्त राहिलेल्या शंभरांत सुमारें एकोणसत्तर. किरणांच्या गटांत सुमारें सत्त्याहत्तर. शस्त्रवैद्यांच्याच रुग्णालयानें शस्त्राविरुद्ध गेलेला निकाल जगापुढें ठेवला, ही माइल्सच्या प्रामाणिकपणाचीच परंपरा होय. त्याच वर्षीं एका आंतरराष्ट्रीय प्रयोगानें दाखविलें कीं, या रोगाच्या आरंभीच्या अवस्थेंत दुर्बिणीनें, लहान छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षां पोट उघडून केलेली जुनी शस्त्रक्रियाच अधिक सुरक्षित ठरते. नवें तें सर्वच चांगलें नव्हे. उलट गुदाशयाच्या कांहीं रोग्यांत किरण व औषधें यांनींच रोग पूर्ण नाहींसा होतो. त्यांच्यावर शस्त्र न चालवितां सावधपणें लक्ष ठेवावें, हा विचार ब्राझीलच्या डॉ. आंजेलिता हाबर-गामा यांनीं पुढें आणला आणि आज तो निवडक रोग्यांबाबत मान्य झाला आहे.

श्रोतेहो, येथपर्यंत हाडामांसाच्या पडद्याचा इतिहास झाला. आतां लाजेच्या पडद्याकडे वळूं. तोहि हलवितां येतो, हें सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीनें दाखविलें. १९८७ सालीं बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गांवांत देशांतील पहिली ग्रामीण कर्करोगनोंदणी सुरू झाली. शहरांतील नोंदणीप्रमाणें रुग्णालयांचीं बाडें चाळून येथें भागणार नव्हतें, कारण खेड्यांतील रोगी रुग्णालयांत येतच नव्हता. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गांवोगांव फिरले, पारावर बसले, घरांत जाऊन बायकांशीं बोलले. अंगावरून अवेळीं रक्त जाणें हें वयाचें लक्षण नसून रोगाचें असूं शकतें, हें त्यांनीं समजावून दिलें. कांहीं वर्षांतच असें दिसून आलें कीं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रोगी पूर्वीपेक्षां लवकरच्या अवस्थेंत येऊं लागल्या आहेत. नवें शस्त्र आलें नव्हतें, नवें औषध आलें नव्हतें. केवळ शब्दांनीं हा बदल घडविला होता.

त्याच मुलखांत, म्हणजे तेव्हांच्या उस्मानाबाद व आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत, पुढें १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेला मोठा प्रयोग झाला. हा कर्करोग एका विषाणूमुळें होतो, हें जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनीं दाखविलें होतें व त्याबद्दल त्यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या विषाणूची तपासणी आयुष्यांत एकदांच केली, तरी तपासणी झालेल्या गटांत आठ वर्षांत या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत दिसलें. मुंबईच्या वस्त्यांत तर दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्या स्त्रियांनींच पातळ व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासलें. दीड लाखांवर स्त्रियांच्या त्या प्रयोगांत मृत्यु एकतीस टक्क्यांनीं घटले. आणि आतां तर त्या विषाणूवर लसहि आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेल्या लशीस २०२२ सालीं परवानगी मिळाली. ज्या रोगासाठीं ब्रुन्श्विगला ओटीपोट रिकामें करावें लागलें, त्याचें मूळच किशोरवयीन मुलीच्या दंडावरच्या सुईनें खुडतां येतें, ही केवढी मजल!

गुदाशय व मोठें आंतडें यांच्या कर्करोगास मात्र अजून लस नाहीं, आणि आपल्या देशांत तो पाश्चात्त्य देशांच्या मानानें विरळ असल्यामुळें त्याची भीतिहि कोणास वाटत नाहीं. येथेंच घात होतो. टाटा रुग्णालयांत येणारे या रोगाचे रोगी युरोप-अमेरिकेंतील रोग्यांपेक्षां बरेच तरुण असतात, आणि पुष्कळजण उशिरा येतात. उशीर कां होतो, याचें एक उदाहरण माझ्या पाहण्यांतील आहे. ओतूरच्या बाजूचे एक शेतकरी, वय चाळिशीच्या आंतबाहेर. शौचावाटे रक्त पडूं लागलें. घरांत सांगण्याची लाज. बायकोस सांगितलें तें तीन महिन्यांनीं. मूळव्याध असेल, असें सर्वांनींच ठरविलें. श्रावणांत कपर्दिकेश्वराच्या यात्रेस गेले असतां कोणाकडून तरी पुड्या आणल्या. पुढें कोणी चूर्ण दिलें, कोणी दोरा बांधला. कांद्याची लागण झाली, काढणी झाली. वजन उतरलें तें कष्टामुळें, असें वाटलें. शौचास पुन्हां पुन्हां जावेंसें वाटे, पण पोट साफ होत नसे. दीड वर्षानें एका तरुण डॉक्टरांनीं प्रथमच हातमोजा घालून बोटानें तपासलें. अर्ध्या मिनिटाची ती तपासणी. गांठ बोटास लागली. पुढें परळास गेल्यावर कळलें कीं, रोग यकृतापर्यंत गेला आहे. ते गृहस्थ आतां नाहींत. शेवटीं शेवटीं ते एवढेंच म्हणत, 'मी लाजलों नसतों तर!'

अमेरिकेंतील नोंदींवरून गुदाशयाच्या कर्करोगाचें साध्यासाध्य असें आहे. रोग मूळ जागींच असतां सांपडला तर पांच वर्षांनंतर हयात असलेल्यांचें प्रमाण शंभरांत सुमारें नव्वद; आसपासच्या भागांत किंवा रसग्रंथींत शिरला असेल तर सुमारें चौऱ्याहत्तर; दूरच्या अवयवांत पोंचला असेल तर सतराअठरा. आपल्या देशांतील फळ सर्वत्र इतकें चांगलें नाहीं. पण चढउताराचा क्रम तोच आहे. या तीन आंकड्यांमधील अंतर कोणत्याहि शस्त्रवैद्याच्या कौशल्यापेक्षां मोठें आहे. दोनशे वर्षांच्या शस्त्रविद्येनें जें कमावलें, तें दीड वर्षाच्या लाजेंत गमावतां येतें, असा याचा सरळ अर्थ होतो.

म्हणून शेवटीं चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. शौचावाटे रक्त पडलें तर तें मूळव्याधीचें असण्याचाच संभव अधिक. पण तें ठरविण्याचा अधिकार तपासणाऱ्या बोटास व दुर्बिणीस आहे, शेजाऱ्यास नाहीं. शौचाची संवय कांहीं आठवडे बदललेली राहिली, पोट साफ झाल्याचें समाधान होईना, कारणाशिवाय वजन उतरलें किंवा अंगांतील रक्त कमी झालें, तर तपासणी करून घ्यावी. स्त्रियांनीं पाळी गेल्यानंतर, दोन पाळ्यांच्या मध्यें अथवा संबंधानंतर रक्त गेल्यास, किंवा अंगावरून दुर्गंधियुक्त पाणी जात असल्यास, सुनेनें सासूस व मुलीनें आईस दवाखान्यांत न्यावें. हे रोग बोलण्याचे नव्हेत, ही समजूत सोडावी. आणि ज्याच्या पोटावर शस्त्रक्रियेनें वाट केलेली आहे, त्यास पंगतींतून उठवूं नये. तो प्राण राखण्यासाठीं दिलेलें मोल चुकवीत आहे. शेतीभाती, बाजारहाट, पंढरीची वारी, सर्व कांहीं त्याला करतां येतें.

जुन्नरच्या त्या महालांत फ्रायरपुढें पडद्याआडून एक हात आला. त्यावरून त्याला एवढेंच कळलें कीं नाडी क्षीण आहे. आजचा वैद्य पडद्यापलीकडचें पाहूं शकतो, काढूं शकतो, पुष्कळदां बरेंहि करूं शकतो. पडद्याची दोरी मात्र पूर्वींप्रमाणेंच आंतल्या माणसाच्या हातांत आहे. ती त्यानें वेळींच ओढावी, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.